पंखाला वर उचलते ते नेमके काय?

विमान कशामुळे उडते, हा प्रश्न दोन परस्परविरोधी उत्तरांसह विचारला गेला आहे. पहिले उत्तर शाळेतले: पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळे तिथल्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ती वेगाने जाते आणि बर्नोलीच्या तत्त्वानुसार तिचा दाब उतरतो. दुसरे उत्तर असे की हे सगळे चूक असून पंख हवेला खाली ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंखाला वर ढकलते. यांतले खरे कोणते, आणि पहिले खरे असेल तर काही विमाने उलटी होऊनही कशी उडू शकतात, असे विचारणाऱ्याचे म्हणणे आहे.

विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, पंखांच्या प्रतिकृतींवरचा दाब मोजणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी सुरुवात दाबापासून करतो, आणि तसे करण्याला सवयीपलीकडचे कारणही आहे. हवा कोणत्याही घन वस्तूवर दोनच प्रकारे बल लावू शकते: पृष्ठभागाशी काटकोनात दाबून किंवा पृष्ठभागाला समांतर घासून. घासण्यातून जे बल मिळते ते जवळजवळ सगळे मागच्या दिशेने, म्हणजे ड्रॅगच्या (विमानाला मागे खेचणाऱ्या रोधाच्या) खात्यात जाते. पंखाला वर उचलणारे बल, ज्याला आपण लिफ्ट किंवा उत्थापक बल म्हणतो, ते अखेर पंखाच्या कातडीवर जागोजागी कमी-जास्त पडणाऱ्या दाबाची बेरीज असते. तेव्हा दाबाचा संबंधच नाही असे म्हणणारे स्पष्टीकरण पहिल्याच पायरीवर अडखळते. दाबात फरक पडतो यात वाद नाही. तो का पडतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी हा फरक केवढा असतो ते पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण बहुतेकांची कल्पना इथे वास्तवापासून फार दूर असते. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १० टन वजनाइतका असतो. तो पंखाच्या वरून आणि खालून सारखाच पडतो, म्हणून उभ्या विमानाला त्याचा काही उपयोग नसतो. आता सेसना १७२ हे चार आसनी विमान घ्या. त्याचे कमाल वजन सुमारे ११११ किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर असते, म्हणजे दर चौरस मीटरला फक्त ६९ किलो उचलायचे असतात. वरच्या आणि खालच्या दाबात सरासरी पाऊण टक्क्याहूनही कमी फरक पडला की काम झाले. एअरबस ए३२० सारखे ७८ टनांचे विमान सुमारे १२२ चौरस मीटर पंखांवर तोलले जाते. त्याला साधारण ६ टक्के फरक पुरतो. हवेचा महासागर इतका प्रचंड दाब बाळगून आहे की त्यातला हा किरकोळ असमतोल टनावारी लोखंड-ॲल्युमिनियम वर ठेवायला पुरेसा होतो. मात्र ११ किलोमीटर उंचीवर बाहेरचा दाबच २२६ हेक्टोपास्कलवर आलेला असतो. तिथे त्याच विमानाला, इंधन जळून वजन काहीसे घटलेले असले तरी, उपलब्ध दाबाच्या जवळपास चतुर्थांश एवढा फरक निर्माण करावा लागतो. उंचीवरचे उड्डाण हे या अर्थाने बरेच अधिक कसाचे काम आहे.

आता कारण. पंखाच्या जवळून जाणारा हवेचा प्रवाह सरळ जात नाही, तो वळतो. समोरून येताना किंचित वर उचलला जातो, मग पंखाच्या पाठीवरून खाली वळत मागच्या धारेवरून तिरका खाली निघून जातो. गतिमान वस्तूला वळायला लावायचे तर वळणाच्या आतल्या बाजूला ओढणारे बल लागते, आणि हवेच्या एखाद्या छोट्या पुंजक्याला असे बल शेजारच्या हवेच्या दाबाखेरीज दुसरे कोण देणार? म्हणून जिथे प्रवाह वळतो, तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि आतल्या अंगाला कमी असलाच पाहिजे. पंखाच्या वरच्या बाजूला पाहा: खूप उंचावर दाब नेहमीचा आहे, आणि वळणाचे केंद्र खाली, पंखाच्या दिशेला आहे. वरून खाली पंखाच्या कातडीपर्यंत येताना दाब उतरत जातो, म्हणून कातडीला तो बाहेरच्यापेक्षा कमी मिळतो. पंखाखालीही प्रवाह खालीच वळत असतो, पण तिथे कातडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला येते; म्हणून तिथला दाब नेहमीच्यापेक्षा थोडा जास्त असतो. एवढ्या एका युक्तिवादातून दोन्ही बाजूंचा हिशेब लागतो, आणि त्यात कुठेही ‘जास्त अंतर’ यावे लागत नाही.

मग वेगाचे काय? समोरून येणारा हवेचा पुंजका जेव्हा पाठीवरच्या कमी दाबाच्या प्रदेशाकडे जातो, तेव्हा त्याच्या मागे दाब जास्त आणि पुढे कमी असतो. साहजिकच तो पुढे ढकलला जातो आणि त्याचा वेग वाढतो. डॅनियल बर्नोलीचे नाव ज्या तत्त्वाला मिळाले आणि ज्याचा पाया त्याने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातला, ते तत्त्व या देवाणघेवाणीचा हिशेब मांडते: एकाच प्रवाहरेषेवर, ऊर्जा बाहेरून घातली किंवा काढली जात नसेल तर, दाब उतरला की वेग चढतो आणि वेग उतरला की दाब चढतो. मी स्वतः त्याकडे कारण म्हणून कमी आणि ताळेबंद म्हणून जास्त पाहतो. ताळेबंद अचूक आहे. वेग माहीत असेल तर दाब काढता येतो आणि आम्ही तो रोज काढतो. पण वेग का वाढला, हे तो सांगत नाही.

शाळेतल्या उत्तराने ही रिकामी जागा भरण्यासाठी एक अट परस्पर घालून दिली आहे. पुढच्या धारेपाशी फुटलेल्या दोन प्रवाहांनी मागच्या धारेपाशी एकाच वेळी पुन्हा भेटले पाहिजे, अशी ती अट आहे. निसर्गात असा कोणताही नियम नाही. विंड टनेलमध्ये धुराचे तुटक ठिपके एकाच क्षणी पंखाच्या वर आणि खाली सोडले, तर वरचा धूर मागच्या धारेपाशी खालच्याच्या आधी पोचतो आणि दोघांची भेट पुढेही कधी होत नाही. म्हणजे वरची हवा त्या अटीने सांगितली त्याहूनही बरीच वेगाने जाते. आकडे मांडले की त्या अटीचा तोकडेपणा लगेच उघड होतो. सेसना १७२ च्या पंखासारख्या छेदात वरचा मार्ग खालच्यापेक्षा साधारण २ टक्क्यांच्या आतबाहेरच लांब असतो. ताशी २०० किलोमीटर वेगाला, वरची हवा केवळ २ टक्के जास्त वेगाने जाते असे धरून गणित केले, तर मिळणारा दाबफरक ७६ पास्कलच्या आसपास येतो, आणि विमानाला गरज असते सुमारे ६७० पास्कलची. म्हणजे वजनाचा जेमतेम नववा हिस्सा उचलला जाईल. पत्र्याचा सपाट तुकडा किंवा घडीच्या कागदाचे विमान, ज्यांच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच असते, त्यांनी तर उडूच नये.

याच पठडीतला एक प्रयोग वर्गात हमखास दाखवला जातो: कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली की लोंबणारा कागद वर उचलला जातो, आणि कारण म्हणून ‘वेगाची हवा, कमी दाब’ असे सांगितले जाते. आता तीच पट्टी सरळ उभी टांगा आणि तिच्या एकाच बाजूने, पट्टीला समांतर, फुंकर मारा. पट्टी फारशी हलत नाही. तोंडातून निघालेल्या झोताचा दाब तो वेगवान आहे एवढ्याने भोवतालपेक्षा कमी होत नाही, कारण त्या हवेला फुप्फुसांनी जादा ऊर्जा दिलेली असते आणि खोलीतल्या स्थिर हवेशी तिची बर्नोलीच्या सूत्राने तुलनाच करता येत नाही. पहिल्या वेळी कागद उचलला गेला तो झोत कागदाच्या बाकावरून खाली वळला म्हणून. प्रयोग उत्तम आहे, फक्त त्याचे श्रेय भलत्याकडे जाते.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. पंख हवेला खाली वळवतो, म्हणजे तिला खालच्या दिशेचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) देतो, आणि दर सेकंदाला दिलेला संवेग म्हणजेच बल. याचेही आकडे मांडता येतात. ६० टनांचे, सुमारे ३४ मीटर पंखविस्ताराचे विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने उतरायला येत असेल, तर पंखविस्ताराइतक्या व्यासाच्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेवर त्याचा अंमल चालतो, असे एक प्रचलित सरलीकरण आहे. त्यानुसार ते विमान दर सेकंदाला सुमारे ७८ टन हवेला खालच्या दिशेने साडेसात मीटर प्रतिसेकंद इतका वेग देत असते. हे ठीक आहे, पण ‘खाली ढकलतो’ या शब्दांमुळे बऱ्याच जणांच्या मनात असे चित्र तयार होते की हवेचे कण पंखाच्या पोटावर आदळून उसळतात आणि त्या धक्क्याने विमान वर राहते. असे धरून केलेले जुने गणित लहान कोनांवर फारच तुटपुंजे बल सांगते, कारण त्यात पंखाची पाठ हिशेबातच नसते. प्रत्यक्षात खाली वळणाऱ्या हवेचा मोठा भाग पाठीवरून येतो, आणि सर्वसाधारण उड्डाणात निम्म्याहून बरेच अधिक बल वरच्या बाजूच्या कमी दाबाकडून मिळते.

तेव्हा ‘बर्नोली की न्यूटन’ हा वाद मला निरर्थक वाटतो. प्रवाह वळतो म्हणून दाबफरक असतो, आणि दाबफरक असतो म्हणून प्रवाह वळतो. पंखावरच्या दाबाची बेरीज केली किंवा हवेला मिळालेल्या संवेगाची मोजदाद केली तरी उत्तर एकच येते, कारण दोन्ही एकाच घटनेची दोन मापे आहेत. जाता जाता एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांना सहसा पटत नाही: उडत्या विमानाचे वजन अखेर जमिनीलाच पेलावे लागते. विमानाखालच्या विस्तीर्ण भूभागावर दाबात अत्यंत सूक्ष्म वाढ होते आणि तिची बेरीज विमानाच्या वजनाइतकी भरते. ती इतकी पसरलेली असते की कोणाला जाणवत नाही.

हवा पाठीला धरून का वळते, सरळ का निघून जात नाही, हा पुढचा प्रश्न, आणि तो या विषयातला सर्वांत खोल भाग आहे. हवेत श्यानता, म्हणजे चिकटपणा, अजिबात नसता तर गणिताने पंखाभोवतीचे असंख्य प्रवाह शक्य ठरतात आणि त्यांतला एक असा असतो की ज्यात लिफ्ट शून्य भरते. खरी हवा किंचित चिकट असते, आणि मागच्या टोकदार धारेला वळसा घालून वर येणे तिला जमत नाही. विमान धावायला लागताच या धारेपाशी एक भोवरा सुटून मागे राहतो, आणि त्याच्या उलट दिशेने पंखाभोवती फिरणारा प्रवाह, म्हणजे अभिसरण, स्थिरावतो. त्यानंतर वरचा व खालचा प्रवाह धारेवरून सरळ, सुरळीत निघतो. जर्मनीतील कुट्टा आणि रशियातील झुकोव्हस्की या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्रपणे हा धागा पकडला, आणि लुडविग प्रांटलने १९०४ मध्ये पृष्ठभागालगतच्या पातळ सीमास्तराची कल्पना मांडून चिकटपणाचा हिशेब कुठे लागतो ते दाखवले. गंमत म्हणजे राइट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे, म्हणजे सिद्धांत पूर्ण जुळायच्या आधीचे आहे. त्यांनी मोजमापाचा मार्ग धरला. वाऱ्याचे बल काढण्यासाठी अठराव्या शतकापासून वापरात असलेला स्मीटनचा गुणांक सुमारे दीडपट फुगलेला आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि १९०१ मध्ये स्वतः बांधलेल्या छोट्या विंड टनेलमध्ये पंखांचे आकार तपासून त्यांनी आपली कोष्टके नव्याने तयार केली.

दाब कुठे किती उतरतो हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर नळ्यांच्या फळीसारखे दुसरे साधन नाही. प्रतिकृतीच्या कातडीला पुढून मागे ओळीने बारीक छिद्रे पाडलेली असतात, प्रत्येक छिद्रातून एक नळी बाहेर काढून फळीवरच्या उभ्या काचेच्या नळीला जोडलेली असते आणि त्यांत रंगीत द्रव असतो. जिथे दाब कमी, तिथे द्रव वर चढतो. आता ही मोजणी इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी होते, तरी शिकवण्यासाठी मला जुनी फळीच आवडते. पंखाचा येणाऱ्या हवेशी असलेला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, ४ अंशांवर ठेवला की वरच्या बाजूच्या नळ्यांत द्रव पुढच्या धारेजवळ उंच आणि मागे उतरता असा चढतो. खालच्या बाजूच्या नळ्या जवळपास पातळीवर किंवा थोड्या खाली असतात. कोन १० अंशांवर नेला की पुढच्या दोन-तीन नळ्या झपाट्याने चढतात, बाकीच्यांत तितका फरक पडत नाही. लिफ्टचा मोठा वाटा पंखाच्या पुढच्या चतुर्थांशात तयार होतो, हे तिथे एका नजरेत कळते. कोन असाच वाढवत नेला की १५-१६ अंशांच्या सुमारास नळ्यांतला द्रव थरथरू लागतो, आणि मग पुढचे उंच स्तंभ एकदम कोसळून वरच्या बाजूच्या सगळ्या नळ्या जवळपास एकाच सपाट उंचीवर येतात. पंख स्टॉल झालेला असतो, म्हणजे हवेचा प्रवाह त्याच्या पाठीवरून सुटलेला असतो.

पाठीवरच्या हवेला पुढच्या धारेजवळच्या अतिशय कमी दाबातून मागच्या नेहमीच्या दाबाकडे, म्हणजे चढणीच्या दिशेने जावे लागते. सीमास्तरातली हवा आधीच घर्षणाने मंदावलेली असते. चढण फार तीव्र झाली की ती थांबते, उलटी फिरते आणि वरचा प्रवाह कातडीपासून सुटतो. लिफ्ट पूर्ण नाहीशी होत नाही, पण घटते, आणि ड्रॅग प्रचंड वाढतो. इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा: स्टॉल हा कमी वेगाचा आजार नाही, जास्त कोनाचा आहे. कमी वेगात वजन पेलायला कोन वाढवावा लागतो म्हणून तो तिथे अधिक भेटतो, इतकेच. जोरात वळण घेणाऱ्या विमानात तो मोठ्या वेगालाही येतो. त्यावरचा उपाय म्हणजे नाक खाली करून कोन कमी करणे, आणि जमीन जवळ असताना नेमके तेच करायला मन धजत नाही. ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, जर्मन प्रवर्तक ऑटो लिलिएनथाल १८९६ मध्ये ज्या अपघातात गेला, त्यात त्याचे ग्लायडर असेच स्टॉल होऊन कोसळले होते.

पंखाच्या पुढच्या भागावर सगळे इतके अवलंबून असल्यामुळेच तिथल्या किरकोळ खरखरीतपणाची आम्ही धास्ती घेतो. मध्यम किंवा जाड्या सँडपेपरइतका खडबडीत हिमाचा थर पुढच्या धारेवर व पाठीवर साचला, तर लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. थराचे वजन त्यात नगण्य असते.

उलट्या उड्डाणाचे उत्तर आता सोपे आहे. पंख हवेला खाली वळवेल असा कोन मिळाला की लिफ्ट मिळते. पंखाची फुगीर बाजू वर आहे की खाली, हा दुय्यम मुद्दा आहे. फुगीरपणामुळे कमी कोनात, कमी ड्रॅगमध्ये आणि स्टॉलपासून दूर राहून काम भागते, म्हणून प्रवासी विमानांना तो दिलेला असतो. तेच विमान उलटे केले तर वैमानिकाला नाक क्षितिजाच्या बरेच वर धरावे लागते आणि पंख नाखुषीने का होईना, हवा खाली वळवतो. कसरतीच्या विमानांचे पंख बहुधा दोन्ही बाजूंनी सारखेच असतात. त्यांना सुलटे-उलटे सारखेच. नेहमीच्या विमानांची खरी अडचण पंखापेक्षा इंधन आणि तेलाच्या पुरवठ्यात असते, कारण तो उलट्या स्थितीसाठी आखलेला नसतो.

पंखाच्या टोकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. खालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर शिरते आणि मागे दोन लांबलचक भोवरे सुटतात. त्यांत वाया जाणारी ऊर्जा म्हणजे लिफ्टची किंमत; ती कमी ठेवण्यासाठी ग्लायडरचे पंख लांब व अरुंद असतात, आणि विमानांच्या पंखांची टोके वर मुडपलेली दिसतात. मोठ्या विमानामागून येणाऱ्या छोट्या विमानाला ठरावीक अंतर राखायला लावतात, तेही या भोवऱ्यांपायीच. दमट हवेत विमान उतरताना खिडकीतून पंखाकडे पाहिले, तर कधीकधी पाठीवर क्षणभर पांढरे धुके दिसते आणि फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या धारेवरच्या हलत्या झडपेच्या) कडेवरून दोरीसारखी रेघ मागे जाते. दाब उतरल्यावर हवा थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात, त्यामुळे हे घडते. ज्याची आपण इतका वेळ चर्चा करत आहोत तो कमी दाब असा उघड्या डोळ्यांना दिसतो.

लिफ्ट हवेच्या घनतेच्या, पंखाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उरलेला गुणांक आकारावर आणि अँगल ऑफ अटॅकवर ठरतो. वेग निम्मा झाला तर लिफ्ट चौथाईवर येते, म्हणून उतरताना फ्लॅप व पुढच्या धारेवरचे स्लॅट उघडून क्षेत्रफळ आणि गुणांक दोन्ही वाढवावे लागतात. घनतेचा परिणाम मात्र लोक विसरतात. प्रमाण वातावरणात ३००० मीटर उंचीवर घनता समुद्रसपाटीच्या ७४ टक्क्यांवर येते, आणि दिवस उष्ण असेल तर आणखी खाली. तेवढीच लिफ्ट मिळवायला प्रत्यक्ष वेग १६ टक्के जास्त लागतो, म्हणजे धावपट्टीवर विमानात भरायची गतिज ऊर्जा ३५ टक्के जास्त, आणि तीही विरळ हवेत ताकद घटलेल्या इंजिनांकडून. वैमानिकाच्या वेगमापकावर यातले काहीच दिसत नाही. ते यंत्र पिटो नळीतून, म्हणजे समोरच्या हवेकडे तोंड केलेल्या नळीतून, येणारा जादा दाब मोजते आणि त्यालाच वेग म्हणून दाखवते, त्यामुळे जमीन सोडण्याचा आकडा त्याच वजनाला दोन्ही धावपट्ट्यांवर एकच राहतो. उंचावरच्या धावपट्टीवर तो गाठेपर्यंत खालची जमीन मात्र बरीच जास्त सरकलेली असते, आणि ती किती सरकेल हे उड्डाणाआधी तक्त्यातून काढून ठेवावे लागते.